चाळिशीनंतरची कपडेखरेदी: मेन रोडचं कापड की कॉलेज रोडचा तयार कुर्ता?

निकाल आधीच सांगून टाकतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला नाशकात अंगाला नीट बसणारा रोजचा कपडा हवा असेल, तर मेन रोडवरून कापड घ्यावं आणि घराजवळच्या शिंप्याकडून शिवून घ्यावं. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या दुकानांतून तयार घ्यायच्या वस्तू मोजक्याच आहेत: चालायला जायचे टी-शर्ट आणि पँटी, आतले कपडे, मोजे, स्वेटर. कुर्ता, शर्ट, रोजची पँट आणि ब्लाऊज या चारांत तयार माल हरतो. त्याचं कारण फॅशनमध्ये शोधू नका, ते कापणीत आहे.

तयार कपड्यांचे साइज एका मूळ मापावरून वाढवत नेतात. छाती वाढली की त्याच हिशोबात खांदा वाढतो, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) वाढतो, बाहीही लांबते. माणसाचं शरीर तसं वाढत नाही. चाळिशीनंतर भर पडते ती पोटावर, कमरेवर, दंडावर. खांद्याचं हाड आहे तिथेच राहतं. मग एल घातला तर पोटावर बटणं ताणतात, एक्सएल घातला तर खांदा दंडावर उतरतो. बाजू दाबून घेणं कुठल्याही शिंप्याला दहा मिनिटांचं काम आहे, पण उतरलेला खांदा वर घ्यायचा म्हणजे बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. त्यामुळे तयार कपडा घ्यायचाच झाला तर खांदा बसतो का ते आधी बघा. बाकी सगळं पुढे दुरुस्त होतं.

दुकानात जाण्याआधी घरी टेप घ्या. डॉक्टर आणि शिंपी दोघांनाही कमरेचं माप लागतं, पण जागा वेगळी. तब्येतीसाठीचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर घ्यायचं. पोट आत ओढून घेतलेलं माप काही कामाचं नाही. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेघ धरली जाते. त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शिंप्याला मात्र तुम्ही नाडी किंवा पट्टा प्रत्यक्ष जिथे बांधता तिथलं माप द्या. पोटाखाली पँट बांधणाऱ्यांनी बेंबीवरचं माप सांगितलं की पँट हमखास घसरते. दोन्ही आकडे तारखेसकट कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. 'बारीक झाल्यावर होईल' म्हणून घेतलेला कपडा घडीतच जुना होतो. खरेदी आजच्या आकड्याचीच करा.

आता मेन रोड. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा नाही, आणि सणाच्या आधीच्या रविवारी तिथे कापड बघायला जाणं म्हणजे धक्के खायला जाणं. मधल्या वारी, दुकानं उघडल्या उघडल्या, काहीतरी खाऊन मगच जा. उपाशीपोटी आणि दमलेल्या पायांनी माणूस समोर येईल ते घेतो, हे दुकानदारांनाही चांगलं माहीत असतं. रिक्षाने शालिमारला उतरून चालत आत शिरणं सोयीचं. या बाजाराची खरी जमेची बाजू म्हणजे कापडाला हात लावू देतात, तागा उलगडून दाखवतात आणि 'दारात उजेडात नेऊन बघू का' असं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतात, त्यामुळे हा उजेड लागतोच. उणी बाजू म्हणजे 'प्युअर कॉटन' हा शब्द तिथे फार सैल वापरला जातो. म्हणून तपासण्या स्वतःच कराव्या लागतात.

पहिली, मुठीची. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा. सुती कापड चुरगळतंच. अजिबात चुरगळलं नाही तर त्यात बहुतेक पॉलिएस्टर आहे. दुसरी, खळीची. दोन बोटांत कापड जोरात चोळा. पांढरी भुकटी निघाली आणि चोळलेला भाग लगेच मऊ, विरळ झाला तर भरीवपणा सगळा खळीचा आहे. पहिल्या धुण्यातच त्याची मच्छरदाणी होणार. तिसरी, रंगाची. पांढरा रुमाल पाण्याने ओला करून गडद भागावर दहा वेळा घासा. चौथी, जळण्याची, ती दुकानात नको. नमुन्याचे चार धागे घरी आणून चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात विरते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. एक अडचण आहे: रेयॉनही सुतासारखंच जळतं. ते ओळखायचं तर एक धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि चटकन तुटतं, सूत ओलं झाल्यावर उलट जास्त टिकतं.

रेयॉन वाईट आहे असं मुळीच नाही. अंगावर थंड लागतं, छान पडतं, आणि ज्यांना रजोनिवृत्तीच्या काळात अचानक अंगातून वाफा येतात त्यांना ते मानवतं. घेताना मात्र किलो विचारा. व्यापारात रेयॉन शंभर मीटरच्या वजनावर ओळखतात. १४ किलोचं म्हणजे भरीव, त्याहून हलकं असेल तर अस्तर लावावं लागेल. ते पिळायचं नाही, आणि पहिल्या धुण्यात आटतं हे धरूनच चालायचं.

वाफांचा त्रास असेल तर कापडाइतकीच रचनाही महत्त्वाची. बंद गळ्याचा एक जाड कुर्ता घेण्यापेक्षा आत बिनबाह्यांचा मलमलचा आणि वर पुढून उघडणारा, असे दोन पातळ थर बरे, कारण वाफ काही मिनिटांतच ओसरते आणि मागून थंडी वाजते. नाशकात तर हिवाळ्याच्या सकाळी पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी ऊन चटकतं. थर काढता आले नाहीत तर दिवसभर एक तर घाम नाही तर हुडहुडी. अस्तर सुतीच घाला. वर महागाचं सुती कापड आणि आत पॉलिएस्टर क्रेपचं अस्तर, हा प्रकार तयार कुर्त्यांत फार दिसतो. त्वचेला लागतं ते अस्तर, त्यामुळे बाहेरच्या सुताचा उपयोग शून्य.

कापड किती घ्यावं? ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत), छाती ४० आणि उंची ४२ असलेल्या सरळ कुर्त्याला बाह्यांसकट अडीच मीटर लागतं. पुढचा आणि मागचा भाग या मापात पन्ह्यात शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून दोन उंच्या घ्याव्या लागतात. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्यात १.६ मीटर चालतं, पोट मोठं असेल तर १.८ घ्या. पँटला त्याच पन्ह्यात १.३. कापड आणल्यावर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. न भिजवता शिवलं तर ४ टक्के आटणाऱ्या सुतात ४२ इंचांचा कुर्ता पावणेदोन इंच आखूड होतो. मीठ घालून रंग पक्का होतो ही समजूत जुनी आहे. आजच्या रंगांवर मिठाचा फारसा परिणाम होत नाही.

ब्लाऊजचं गणित आणखी नाजूक. येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे घरात एखादी पैठणी असतेच, आणि तिचा वीस वर्षांपूर्वीचा ब्लाऊज आता होत नसतो. तो वाढवता येईल की नाही हे बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती ठेवली होती त्यावर ठरतं. नवा शिवताना प्रत्येक बाजूला दीड इंच माया मागा. अस्तराचं कॅम्ब्रिक (पातळ सुती कापड) वेगळं भिजवून द्या. ते राहिलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, जरीचं कापड आटत नाही, आणि ब्लाऊजला कायमच्या चुण्या पडतात. ही नाशकातल्या ब्लाऊज शिलाईतली सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणता येईल. तिचा दोष शिंप्याकडे जातो, खरं तर चूक घाईची असते.

कॉलेज रोडकडे येऊ. तिथे ट्रायल रूम असते, आरसा मोठा असतो, एसी असतो, आणि हे सगळं मिळून माणूस ठरवलेल्यापेक्षा दोन कपडे जास्त घेतो. पण चालण्याचे कपडे इथूनच घ्यावेत, कारण टी-शर्टचं ताणणारं, विणीचं कापड घराजवळचे बहुतेक शिंपी चांगलं शिवत नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर पाच दिवस अर्धा अर्धा तास फिरणाऱ्याला तीन टी-शर्ट आणि दोन पँटी पुरतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत १६० ते १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सुती टी-शर्ट उत्तम. पावसाळ्यात तोच दिवसभर वाळत नाही, तेव्हा पॉलिएस्टरचा बरा. त्यात घामाचा वास मुरतो, म्हणून घरी आल्या आल्या पाण्यातून काढायचा. थंडीत घामाने ओला झालेला सुती टी-शर्ट अंगावर गार पडतो. तेव्हाही आत पॉलिएस्टर, वर स्वेटर.

पँट ट्रायल रूममध्ये नुसती उभं राहून बघू नका. पूर्ण बैठक मारा, मग एक पाय स्टुलावर ठेवा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना शिवण उसवते ती मांड्यांच्या जोडावर, आणि तिथे चौकोनी जोड लावलेला असेल तर ती टिकते. कमरेचं इलॅस्टिक एक इंचापेक्षा अरुंद असेल तर बसल्यावर गुंडाळून पोटात रुततं. दुपारी जेवून बसल्यावर ज्यांना आंबट ढेकर येतात त्यांनी औषध बदलण्याआधी कमरपट्टी सैल करून बघावी. ब्रेसियर नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण पट्टा वापराने सैल होतो आणि आतले हुक तेव्हासाठी असतात. खांद्यावर खाच पडत असेल तर खांद्याचा पट्टा रुंद करून भागत नाही. खालचा पट्टा ढिला असतो आणि सगळं ओझं खांद्यावर येतं. बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात. चालायचे मोजे घालून, उभं राहून, अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा.

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का दोन्ही रस्त्यांवर दिसतो. माल सदोष असेल तर तो शिक्का तुम्हाला अडवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही, घरच्यांना पसंत पडला नाही, याला मात्र हा नियम लागू नाही. बिल मागा आणि जपा.

किती घ्यायचं याला एकच हिशोब पुरतो: किंमत भागिले किती वेळा घालणार. ९०० रुपयांचा कुर्ता वर्षात साठ वेळा घातला तर एका वेळेला पंधरा रुपये; ४,००० चा लग्नासाठीचा दोनदा घातला तर दोन हजार. दुसरा घेऊ नये असं नाही, पण तो भाच्याच्या लग्नाचा खर्च आहे, 'स्वतःकडे लक्ष देतेय' या सदरात तो टाकू नका.

शेवटी शिंपी, कारण सगळं त्याच्या हातात. मापाला स्वतः जा. जुना कपडा मापाला देऊ नका, त्यात जुनं शरीर असतं. छातीला चार इंच, नितंबांना तीन-चार इंच सैल ठेवायला सांगा. सलवार किंवा पँटच्या बैठकीचं माप कडक खुर्चीवर बसून, कमरेपासून खुर्चीपर्यंत बाजूने घ्यावं आणि त्यात दीड इंच मिळवावा. उभ्याने घेतलेलं माप बसल्यावर मागून खाली ओढतं. कुर्त्याचा बाजूचा कट नितंबांच्या सगळ्यात रुंद भागाच्या वर सुरू झाला पाहिजे, नाहीतर चालताना कापड तटतं आणि कटाचं टोक फाटतं. तारीख त्यांनी सांगितली त्याच्या चार दिवस पुढचीच धरा, लग्नसराईत आठ. कपडा घ्यायला गेलात की तिथेच घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, खाली वाका, स्टुलावर बसा. हात वर केल्यावर कुर्ता दोन इंचांपेक्षा जास्त वर चढला तर मुंढा खोल कापला गेलाय. तिथल्या तिथे दाखवा, काखेत चौकोनी तुकडा जोडून तो सुधारता येतो. आणि उरलेलं कापड मागून घ्या. वीतभर रुंदीच्या पट्टीतून पुढे कुर्ता वाढवायला दोन्ही बाजूंच्या कळ्या (शिवणीत जोडायच्या पट्ट्या) निघतात.