आरएफआयडी टॅग: साड्यांच्या दुकानात वर्षभर वापरल्यावर

आरएफआयडी टॅग म्हणजे चिप आणि अँटेना असलेली छोटी चिठ्ठी; तिच्यातला नंबर रेडिओ लहरींनी दुरूनच वाचतो तो हातात धरायचा रीडर. आमच्या रीडरची बॅटरी फुगली. डीलर म्हणतो, बॅटरी वॉरंटीत येत नाही, सुटी मिळत नाही, अख्खं हँडल बदला. त्या हँडलची किंमत नव्या रीडरच्या निम्मी! डेमो देताना हा विषय कोणी काढत नाही, म्हणून आधी हेच लिहितोय.

कुर्ते आणि ड्रेस मटेरियलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रॅकसमोरून रीडर फिरवला की गठ्ठेच्या गठ्ठे मोजून होतात. बारकोड असताना मार्चएंडला दुकान बंद ठेवून एकेक घडी हातात घ्यावी लागायची. आता गिऱ्हाईक यायच्या आत मोजणी उरकते. शिवाय एकाच डिझाइनच्या दहा साड्या असल्या तरी प्रत्येकीचा नंबर वेगळा, त्यामुळे पसंतीसाठी घरी पाठवलेली नेमकी कोणती हे कळतं.

अडलं ते पैठणीपाशी. जर चांदीची असो वा टेस्टेड (म्हणजे तांब्याच्या तारेची), आहे धातूच. टॅग तिला चिकटला की त्याच्या अँटेनाचं गणित बिघडतं, लहरी परततात आणि रीडरला काही ऐकूच येत नाही. भरगच्च पदराच्या घडीत टॅग ठेवले, तर कपाटातल्या निम्म्याच पैठण्या मोजल्या जायच्या. दुकानातला सगळ्यात महाग माल आणि तोच यादीतून गायब! वॉलमार्टने २००३ साली बड्या पुरवठादारांना खोक्यांवर टॅग लावायला सांगितलं, तेव्हाही डबाबंद आणि बाटलीतल्या मालाने असाच त्रास दिला होता. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण ते साध्या टॅगच्या कितीतरी पट महाग. जरीच्या मालाला हे घेऊ नका, असं मी दिवाळीपर्यंत भेटेल त्याला सांगत होतो.

आता तसं सांगत नाही. आमच्या काउंटरवरच्या ताईंनी टॅग दोऱ्याने पदराच्या गोंड्याला बांधला आणि घडीबाहेर लोंबता ठेवला. साधाच टॅग, पण कपाट जवळजवळ पूर्ण मोजलं गेलं. पुठ्ठ्याचा बॉक्सही चालतो. आतून चंदेरी कागद लावलेला मात्र चालत नाही. दोऱ्याचा दुसरा फायदा मला जास्त आवडला: बिल झालं की टॅग सोडवायचा, त्यावर नवा नंबर लिहायचा आणि पुढच्या साडीला बांधायचा. चिकटवायचे टॅग साडीबरोबरच जात होते, ते पैसे वाचले.

रीडरची पॉवर पूर्ण ठेवू नका, लाकडी पार्टिशनपलीकडचा मालही मोजला जातो. स्वस्तातला परदेशी रीडर घेत असाल तर फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. अमेरिकेतले ९०२ ते ९२८ वर चालतात आणि त्यातला काही पट्टा इथे मोबाइलला दिलेला आहे.

दुसऱ्या शाखेसाठी रीडर घेणारच आहे. पण सुटी बॅटरी मिळणाराच, आणि तसं बिलावर लिहून घेऊन.