चघळायची गोळी की पातळ औषध?

सांगलीत रात्री भडंगावर ताव मारला की छातीत जळजळ ठरलेली. मेडिकलवाला मग पोटातलं आम्ल शमवणाऱ्या दोनच गोष्टी पुढे करतो: चघळायची गोळी किंवा पातळ औषध.

कॅल्शियम कार्बोनेटची ५०० मिग्रॅची गोळी स्वस्त आणि झटपट, पण तोंडात खडूसारखा चुरा होईपर्यंत चावली तरच. अख्खी गिळली तर ती विरघळायलाच वेळ लागतो. आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ढेकर येतात. तो गोळीचा दोष नव्हे. रिकाम्या पोटी असर लवकर ओसरतो, जेवणानंतर तासाभराने घेतली तर जास्त टिकतो.

पातळ औषधाची बाटली हलवली नाही, तर पांढरा साका तळाशी आणि पोटात नुसतं गोड पाणी! त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सैल होतं, अॅल्युमिनियमने बद्धकोष्ठता. म्हणून दोन्ही एकत्र घालतात. तरी जुलाबाची तक्रार जास्त ऐकू येते. ती असेल तर गोळीच बरी.

थायरॉइडच्या गोळीपासून दोन्ही ४ तास लांब ठेवा. किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. जळजळीसोबत गिळायला त्रास किंवा काळी शौच असेल, तर मेडिकल नको, थेट दवाखाना.