आरडीएफए की जेसन-एलडी? माझं कशावरून ठरलं ते सांगतो

वेबपानावरची माहिती मशीनलाही कळावी म्हणून स्कीमा डॉट ऑर्ग या सामायिक शब्दसंग्रहाचे शब्द वापरायचे इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. अडतं ते पुढे, हे शब्द लिहायचे कुठे, एचटीएमएलच्या टॅगमध्येच (ही आरडीएफएची पद्धत) की वेगळ्या स्क्रिप्ट ब्लॉकमध्ये (ही जेसन-एलडीची). मायक्रोडेटा ही टॅगमध्येच लिहायची आणखी एक पद्धत, ती वाईट नाही, पण आरडीएफए लाइट ही सोपी आवृत्ती आल्यावर (२०१२, पाचच ॲट्रिब्यूट, एका बैठकीत शिकून होतात) मला मायक्रोडेटाची गरज पडली नाही.

आरडीएफएमागचा विचार मला अजूनही पटतो. वाचकाला जे दिसतं त्यालाच खूण करायची, मजकूर एकदाच लिहायचा, म्हणून मी पुस्तकांच्या माहितीची बरीच पानं त्यातच केली होती. पुस्तकाचा एक डिव्ह (एचटीएमएलमधला कप्पा), त्याच्या आत लेखकाचा डिव्ह, त्यावर टाइपऑफ पर्सन, म्हणजे ही व्यक्ती आहे अशी खूण. मग डिझाइन बदललं आणि प्रकाशनाची तारीख लेखकाच्या नावाशेजारी छान दिसते म्हणून कुणीतरी ती ओळ उचलून लेखकाच्या डिव्हमध्ये टाकली. पान एकदम व्यवस्थित, कुठे एरर नाही, पण मशीनच्या लेखी आता ती तारीख पुस्तकाची नाही, लेखकाची झाली, कारण आरडीएफएत प्रॉपर्टी कुणाची हे ती कशाच्या आत बसलीय त्यावर ठरतं. मला हे कितीतरी दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी पानातले ट्रिपल (कुणाची, कोणती माहिती, काय, अशी तीन भागांची विधानं) काढून बघत होतो म्हणून. डिझाइन करणाऱ्याची यात काही चूक नाही हो, डिव्ह हलवणं हे त्याचं कामच आहे. पण अर्थ मांडणीला बांधलेला असला की हे पुन्हा होणार, आणि माझ्या बाबतीत ते झालंही.

जेसन-एलडीत हा त्रास नाही, डेटाचा ब्लॉक वेगळा, एचटीएमएल कितीही हलवा. २०१४ पासून जेसन-एलडी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा स्टँडर्ड आहे, गूगलही शक्यतो हाच वापरा म्हणतं, आणि साधं जेसन (डेटा लिहायची नेहमीची पद्धत) येणाऱ्याला कॉन्टेक्स्ट, म्हणजे शब्द कुठल्या शब्दसंग्रहातले हे सांगणारा भाग, एवढं समजावलं की तो कामाला लागतो. शिवाय तेच जेसन एपीआयमधून दुसऱ्या प्रोग्रामनाही देता येतं.

याचंही एक दुखणं आहे, माहिती दोनदा लिहिली जाते, पानावर तारीख बदलली आणि स्क्रिप्टमध्ये जुनीच राहिली असं होऊ शकतं. माझ्याकडे दोन्ही एकाच डेटाबेसमधून टेम्प्लेटनेच तयार होतात त्यामुळे अजून तरी झालेलं नाही, पण तुम्ही पानं हाताने लिहीत असाल, किंवा लांब परिच्छेदांमधल्या नावांना खुणा करायच्या असतील, तर आरडीएफए कदाचित तुम्हाला जास्त सोयीचं पडेल, त्यावर मी वाद घालणार नाही.

आणि एवढं टेन्शन घेऊ नका, दोन्हींमधून शेवटी ट्रिपलच निघतात, शब्दसंग्रह तोच ठेवलात तर पुढे बदलता येतं. माझी जुनी पानं मी एका दमात नाही बदलली, ज्या टेम्प्लेटला हात लागेल तेवढंच जेसन-एलडीत नेत गेलो, आणि प्रत्येक वेळी जुने आणि नवे ट्रिपल शेजारी ठेवून ताडून बघितले. तेवढं मात्र नक्की करा.