२० गेज मॉसबर्ग ५०० आणि टीएसएस काडतुसं: दोन टर्की सीझन वापरल्यानंतर

अमेरिकेत मिझुरीत राहतो, सेंट लुईसपासून तासाभरावर. रानटी टर्की पक्ष्याच्या मागे लागून आता चार वर्षं झाली, पहिले दोन वसंत १२ गेजवर (गेज म्हणजे बंदुकीच्या नळीच्या रुंदीचं माप) काढले आणि गेले दोन २० गेजवर. इकडे नवीन आलेली आपली बरीच मंडळी विचारतात की पहिली बंदूक कुठली घेऊ, आणि दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

आधी कागदपत्रांचं. भारतात १९७२ च्या कायद्यामुळे शिकार बंद, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी एनसीसीतली रायफल सोडली तर बंदूक हातात धरलेली नसते. इथे ग्रीन कार्ड असेल तर दुकानात फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन घेता येते. एच-वन बी वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, शिकारीचं चालू लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे, पण माझं ऐका, आधी वकिलाला विचारा आणि मगच दुकानाची पायरी चढा. मिझुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स पण लागतो, तो मनापासून करा, नुसता सर्टिफिकेटपुरता नको.

आता पहिल्या बंदुकीबद्दल. दुकानदाराने सांगितलं टर्की म्हणजे वीस पौंडाचा पक्षी, त्याला ताकद पाहिजे, १२ गेज आणि तीही साडेतीन इंची काडतुसाची घ्या. मी घेतली. साडेतीन इंची काडतुसात दोन औंस छर्रे असतात आणि तो बार खांद्यावर काय लागतो ते ज्याने काढलाय त्यालाच माहीत, तीन बार काढले की दंड काळानिळा. पण दुखण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती आणि ती मला कळायला दीड वर्ष गेलं. ऑफिसातला एक जुना शिकारी सहकारी आहे, त्यानेच मला हे सगळं शिकवलं, त्याने एकदा रेंजवर मला न सांगता माझ्या बंदुकीत डमी काडतूस भरून दिलं. मी चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळीचं टोक मात्र चांगलं वितभर खाली गेलं! म्हणजे बार व्हायच्या आधीच माझं अंग धक्क्याला घाबरून नळी खाली दाबत होतं. डोळेही मिटत होते म्हणे, ते त्याने पाहिलं.

आणि त्याचीच किंमत एका पाखराने भरली होती. पहिल्या वर्षी एक मोठा नर, छातीवर पिसांची लांब दाढी, समोरच्या उतारावर पिसारा फुलवून उभा, मला वाटलं चाळीस यार्ड. बार काढला, तो पडला, उठला आणि झाडीत गेला. दुपारपर्यंत शोधला, गुडघ्यावर बसून पानं उलटून रक्त शोधलं, दुसऱ्या दिवशी परत गेलो, नाही मिळाला. नंतर पावलांनी मोजलं तर अंतर छप्पन्न निघालं. ते अजून मनातून जात नाही. टर्कीला अंगावर मारायचं नसतंच, पिसं आणि छातीचं मांस जाड असतं, मारायचं ते डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे निशाणा मनगटाएवढा आणि तोही सारखा हलणारा. तिथे ताकदीपेक्षा छर्रे किती दाट पडतात आणि तुमचा हात किती स्थिर राहतो हेच सगळं आहे.

म्हणून ती बंदूक विकली आणि मॉसबर्ग ५०० टर्की घेतली, २० गेज, २२ इंची नळी, पंप, म्हणजे दर बारानंतर हाताने पुढेमागे ओढून पुढचं काडतूस भरायचं. टॅक्ससकट साडेपाचशे डॉलरच्या आसपास पडली. २० गेज म्हणजे काय हे खूप जणांना उलटं वाटतं, आकडा मोठा म्हणजे नळी मोठी नाही, एक पौंड शिशाचे सारखे २० गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती २० गेज, त्यामुळे १२ ची नळी २० पेक्षा रुंद. वजनाला ही सात पौंडाच्या जवळपास आहे, म्हणजे तीन किलो. पहाटे साडेचारला अंधारात टेकडी चढताना आणि नंतर झाडाला पाठ टेकून गुडघ्यावर बंदूक ठेवून पाऊण तास न हलता बसताना हा फरक फार जाणवतो. सेफ्टीचं, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणून असलेलं बटण वर, अंगठ्याखाली आहे, ते मला सगळ्यात आवडलं, हातमोजा घालूनही नीट सापडतं आणि माझा डावखुरा मेहुणा वापरतो त्यालाही तेवढंच सोयीचं. रेमिंग्टन ८७० पण हातात घेऊन पाहिली होती, भक्कम बंदूक आहे, पण तिची सेफ्टी चापाच्या मागे आडवी असते आणि माझा अंगठा आपोआप वरच जातो, एवढ्याच कारणाने ही घेतली. तुम्ही दोन्ही खांद्याला लावून बघा.

आता काडतुसं, खरा पैसा इथे जातो. टीएसएस म्हणजे टंगस्टन सुपर शॉट. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ आणि टीएसएसची साधारण १८. छर्रा इतका जड असला की तो बारीक ठेवता येतो, मी वापरतो ते नऊ नंबरचे आहेत (नंबर वाढला की छर्रा बारीक), २ मिलिमीटर, अगदी फोडणीतल्या मोहरीएवढे, आणि तरी चाळीस यार्डावर ते पाच नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्याच्या तोडीने आत शिरतात. त्यामुळे फेडरल कंपनीच्या तीन इंची २० गेज काडतुसात दीड औंसात सुमारे ५४० छर्रे मावतात, माझ्या जुन्या १२ गेजच्या दोन औंसाच्या पाच नंबर शिशाच्या काडतुसात जेमतेम ३४० असायचे. किंमत मात्र ऐकून घ्या, पाच काडतुसांचा डबा पन्नासच्या वर, म्हणजे एक बार दहा डॉलरहून जास्त. बायकोने बिल पाहिलं तेव्हा एकच विचारलं, किती बार लागतात वर्षाला? मी म्हटलं दोन, फार तर तीन, आणि ते खरंच आहे, कारण मिझुरीत वसंतात दोनच नर मारता येतात.

पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे आणि किती दाट पडतात ते, बघणं अजिबात टाळू नका. मी काय केलं सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून तपकिरी कागदाचा रोल आणला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि घरातलं जेवणाचं एक ताट नेलं, मोजून दहा इंची, ते उलटं ठेवून स्केचपेनने गोल काढला. चाळीस यार्डावरून बार काढायचा आणि ताटाच्या गोलात किती भोकं पडली ते मोजायचं, निदान शंभर हवीत असं इथले लोक धरतात. मोजायचं काम मुलीने केलं, प्रत्येक भोकाला टिंब. जुन्या १२ गेजच्या शिशाच्या काडतुसाची ८८ आली होती. या २० गेजमधून विंचेस्टर लाँग बियर्डची सहा नंबर शिशाची ९४, आणि टीएसएसची २१७. मुलीने दोनदा मोजलं, तिचा विश्वास बसेना. हे माझ्या नळीचे आणि माझ्या चोकचे (नळीच्या टोकाला बसवायचा, छर्रे एकत्र ठेवणारा अरुंद तुकडा) आकडे, तुमचे वेगळे येतील, तोच चोक शेजाऱ्याच्या बंदुकीत घातला तर पॅटर्न बदलतो. आणि टाइट टर्की चोकमधून स्टीलची काडतुसं मारू नका, चोकवर लिहिलेलं वाचा.

दुसरी गोष्ट, पॅटर्न दाट आहे म्हणजे तो तुम्ही बघताय तिथेच पडतो असं नाही. माझा वीस यार्डावर चार इंच वर आणि जरा उजवीकडे पडत होता. निम्मी चूक माझीच, गाल दस्त्यावर नीट न टेकता डोकं उचलून बघायचो. म्हणून वर रेड डॉट बसवला, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच. पहिला डॉट स्वस्तातला घेतला, तो ऐन सीझनमध्ये पहाटेच्या धुक्यात आतून वाफ धरून बसला, काही दिसेना, समोर नर ओरडतोय आणि मी काच पुसतोय. तो परत केला, दुसरा चांगला घेतला, आता दीड वर्ष झालं, एकदाही दगा दिलेला नाही. डॉट जुळवताना आधी हलकी टार्गेटची काडतुसं वापरा आणि शेवटचे दोन-तीन बारच टीएसएसचे काढा, नाहीतर दिवसाला शंभर डॉलर उडतील.

२० गेज म्हणजे धक्का नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दीड औंसाचं काडतूस चांगलंच लागतं. पण साडेतीन इंची १२ च्या निम्म्याहून कमी, आणि हलक्या काडतुसांवर सराव केल्यामुळे माझी नळी दाबायची सवय गेली, डमी काडतुसाने दर महिन्याला तपासतो.

एक तोटा मात्र आहे आणि तो कुणी सांगत नाही. इतका टाइट पॅटर्न जवळून संत्र्याएवढा असतो. मागच्या वर्षी एक नर मागून चालत आला आणि अकरा-बारा यार्डावर मान वर करून उभा राहिला, मी घाईत डॉट नीट न बसवता चाप ओढला आणि सगळेच्या सगळे छर्रे त्याच्या मानेशेजारून गेले, एक पीसही हललं नाही. तो धावत गेला ते मी बघत राहिलो, पण जखमी न होता गेला याचं समाधान वाटलं. लांबचंही तेच, लोक टीएसएसने साठ यार्डावर मारतात, मी चाळीसच्या पुढे बंदूक उचलत नाही. बसल्या बसल्या रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राने, आधी दोन-तीन झाडं मोजून ठेवतो, या झाडाच्या अलीकडे आला तरच.

गेल्या दोन सीझनमध्ये एकूण तीन नर मिळाले, २८, ३३ आणि ३७ यार्डावर, तिन्ही जागच्या जागी. पायांचा काळ्या मसाल्यातला रस्सा मंद आचेवर तीन तास लागतो, पण होतो फार सुंदर. मांसात छर्रा राहिला नाही ना ते नीट बघा, टंगस्टन दाताखाली आला तर दात जाईल.

आणखी एक, बंदुकीचं नाही पण जिवाचं. टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून रानात या रंगाचं काही दिसू द्यायचं नसतं, दुसरा शिकारी फसू शकतो. मला हे माहीत होतं, कपडे सगळे कॅमो, रानात मिसळून जाणारे, आणि त्या सहकाऱ्याने गाडीतच माझा हात धरला, मनगटाला पूजेचा लाल धागा तसाच होता. तेव्हापासून मनगटाच्या वरपर्यंत येणारा हातमोजा घालतो, धागा पूर्ण झाकतो, आणि त्याच्याशिवाय गाडीतून उतरत नाही.

काडतुसांच्या किमतीत ११ टक्के फेडरल एक्साइज येतो, १९३७ च्या कायद्याचा, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मिझुरीत टर्की जवळजवळ संपली होती, जिवंत पकडून दुसरीकडे नेऊन सोडत पुन्हा वाढवली आणि १९६० मध्ये सीझन परत सुरू झाला. म्हणून मला ते दहा डॉलर जड जात नाहीत.

आता मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला युथ सीझनला, म्हणजे मुलांसाठीच्या शिकारीच्या हंगामात, बसायचंय. तिच्यासाठी स्टीव्हन्स ३०१ फोर-टेन आणलीय, म्हणजे २० गेजपेक्षाही अरुंद नळीची, एकच काडतूस बसतं, हलकी आहे आणि त्यातही टीएसएस चालतं. पंचवीस यार्डावर तिचं तिने ताट ठेवून गोल काढला आणि पहिल्या बारानंतर मागे वळून म्हणाली, बाबा, डोळे उघडे होते.