एक नगरसेवक की चार? पुण्यातल्या एकाच पत्त्यावरून पाहिलेलं

आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये सध्या एक निवेदन फिरतंय. पुढच्या महापालिका निवडणुकीआधी एक सदस्यीय वॉर्ड परत आणा अशी मागणी करायची, की आहे तो चार सदस्यीय प्रभागच चालू द्यायचा, यावर घराघरांतून मत मागवलंय. मी माझं मत देऊन मोकळा झालो. ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पुणेकराला हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण दोन्ही प्रकार आपण भोगलेत. 2007 ला 144 वॉर्ड आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. 2012 ला दोन-दोनचे 76 प्रभाग. 2017 ला एकदम चार-चारचे (दोन ठिकाणी तीनचे) 41 प्रभाग. पुढे महाविकास आघाडीनं आधी एक आणि मग तीन सदस्य असं ठरवलं, तर शिंदे सरकारनं ते फिरवून पुन्हा चार केले. दरम्यान ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात. या सगळ्यात मार्च 2022 ला मुदत संपलेल्या पालिकेत प्रशासक बसले, आणि मतदान उगवलं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. पुन्हा 41 प्रभाग, जागा 165. माझं घर मात्र होतं तिथंच आहे.

आधी चारच्या बाजूनं बोलतो, कारण तिची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. एक सदस्यीय वॉर्डात आरक्षणाची सोडत म्हणजे अख्ख्या वॉर्डाचं नशीब. चिठ्ठी निघाली, वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, की चांगलं काम करणारा माणूसही बाहेर. मग एक तर शेजारचा वॉर्ड शोधायचा, नाहीतर सौभाग्यवतींना उभं करायचं. आपली जागा राहीलच याची खात्री नसेल तर कुठला नगरसेवक दहा वर्षांचा विचार करून पाइपलाइन टाकेल? चारच्या प्रभागात निम्म्या जागा महिलांच्या असतातच, उरलेल्यांत इतरांना वाव राहतो. दुसरं म्हणजे पाणी आणि रस्ता वॉर्डाच्या हद्दीशी थांबत नाहीत. 2017 आणि 2021 मध्ये जी गावं पालिकेत आली, तिथं अजून मुख्य जलवाहिन्या आणि डीपी (विकास आराखड्यातले) रस्तेच व्हायचेत. तशा ठिकाणी राहत असाल तर मोठा प्रभाग आणि सभागृहात चार हात, हे कदाचित जास्त उपयोगी पडेल. मी तिथं राहत नाही, त्यामुळे जोर देऊन सांगत नाही.

आता माझ्या मनात जे खटकतं ते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे. पावसाळ्यात ते तुंबतं आणि घाण पाणी पार्किंगमध्ये येतं. वॉर्ड एकाचा होता तेव्हाही तुंबायचं. तेव्हा एका माणसाला फोन करायचा, तो टाळायचा, आपण पुन्हा करायचा, शेवटी वैतागून का होईना, गाडी पाठवायचा. प्रभाग चारचा झाल्यावर पहिला फोन केला तिथून उत्तर आलं, "काका, तुमची गल्ली ताईंकडे येते." ताईंच्या कार्यालयातला मुलगा अदबीनं म्हणाला, "गल्ली आपलीच आहे, पण चेंबर मेन रोडला लागतं ना, तो रोड भाऊंकडे." भाऊंच्या माणसानं आम्हाला परत पहिल्याकडे पाठवलं. गंमत म्हणजे त्याच कोपऱ्यावरच्या बाकावर 'संकल्पना' म्हणून चौघांचीही नावं आहेत.

हे वाटप कुणी केलं? प्रभागाची बाहेरची हद्द आखायला केवढे सोपस्कार असतात! उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला संपवायचं, जनगणनेचा प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेला घरांचा सर्वात लहान गट) फोडायचा नाही, सरासरी लोकसंख्येपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक शक्यतो नको, हद्द शक्यतो नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता यांवरून न्यायची. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, चतुःसीमा वाचायला मिळते, हरकती-सूचना, सुनावणी, अंतिम अधिसूचना. आणि एवढं होऊन निवडून आलेले चौघं चहा पिता पिता त्याच प्रभागाच्या आत चार फाळण्या करतात. त्या कुठल्याच नकाशावर नसतात आणि त्यांच्यावर हरकत घ्यायला खिडकी नसते. ज्याची वस्ती जिकडे, त्याचा 'स' यादीचा (नगरसेवकानं सुचवलेल्या कामांचा) पैसा तिकडे. मधल्या शिवेवरचे आम्ही असेच. म्हणजे वॉर्ड शेवटी एक-एकाचेच होतात, फक्त त्यांची अधिसूचना निघत नाही. सगळ्या प्रभागांत असंच चालत असेल असं नाही, काही ठिकाणी चौघं एका पक्षाचे आणि एका विचाराचे असतीलही.

राग मतपेटीतून काढावा म्हटलं, तर तिथंही एकाच प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा, प्रत्येकीची लढत वेगळी. ज्याला पाडायचंय तो 'ड' मध्ये, आणि त्याच्यासमोर उभा राहू शकेल असा तगडा माणूस 'ब' मध्ये. जोड्या पक्ष लावतात, आपण बटणं दाबतो. प्रभागाची सरासरी लोकसंख्या 84 हजारांच्या आसपास. पक्ष आणि पॅनेल पाठीशी नसलेल्या अपक्षानं एवढी घरं पायी कधी फिरायची?

मुंबईचा कायदा 1888 चा, वेगळा. तिथं एक वॉर्ड, एक नगरसेवक ही पद्धत कुणी मोडली नाही. वॉर्ड 227 चे 236 करायचा बेत झाला, तोही मागे घेतला गेला. तिथं 2011 च्या जनगणनेनुसार एका नगरसेवकामागे साधारण 55 हजार माणसं, आपल्याकडे 21 हजार. आकड्यानं पाहिलं तर पुणेकराचा नगरसेवक जवळचा. पण दादरला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला आपला नगरसेवक कोण हे एका श्वासात सांगता येतं. मला अजून चौघांची नावं आठवताना बोटं मोजावी लागतात.

हद्दीचा त्रास एक सदस्यीय वॉर्डातही असतो, उलट वॉर्ड लहान तर शिवा जास्त. नाल्याच्या अलीकडे एक नगरसेवक, पलीकडे दुसरा, नाला कुणाचाच नाही, हेही पाहिलंय. पण ती शीव कागदावर असते, आणि आराखडा प्रसिद्ध झाला की अर्ज देऊन सुनावणीला उभं राहता येतं.

दोन-दोनचा मधला मार्ग काहींना आवडतो. मला तो बरा वाटला होता, पण सध्या तो कुणी मागत नाहीये.

निवेदनावर सही करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. सदस्यांची संख्या कायद्यानं ठरते, त्यामुळे ती मागणी सरकारकडे आणि आमदारांकडे न्यायची, तीही आत्ताच, निवडणूक लांब असताना. प्रारूप आराखड्यावरच्या सुनावणीत "चार नको, एक द्या" म्हणालात तर तो मुद्दा तिथल्या अधिकाऱ्यांच्या हातातच नसतो. तिथं फक्त हद्दीबद्दल बोलायचं, नकाशावर लाल रेघ मारून आणि आपला प्रगणक गट कोणता ते लिहून.