गुणाला २७०० रुपये: शाळेच्या संगीत वर्गाबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन एकट्या तबल्याच्या सरांचे.

शाळेचं नाव लिहीत नाही. पूर्व नागपुरातली आहे, एवढं पुरे. ज्यांची पोरं तिथे शिकतात ते दोन परिच्छेदांत ओळखतील, आणि आमच्या पोट्ट्याला अजून दोन वर्षं तिथेच काढायची आहेत.

माझं इतवारीत लोहाओळीला हार्डवेअरचं दुकान आहे. कडी-कोयंडे, बिजागऱ्या, खिळे किलोवर. गाण्यातलं मला शून्य कळतं. सम (तालाचा पहिला ठोका) कुठे येते ते शेजारचा माणूस मान हलवतो तेव्हा समजतं. पण माल कळतो. म्हणून हे संगीताच्या जाणकाराचं मत नाही, गिऱ्हाइकाचं आहे.

मागच्या वर्षी जूनच्या शेवटी शाळा उघडली (आपल्याकडे उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडते) आणि आठवीच्या पुस्तकांसोबत एक गुळगुळीत कागदाचं पत्रक घरी आलं. आठवी ते दहावीसाठी संगीत वर्ग. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास, वर्षाचे ९००० रुपये. गायन, हार्मोनियम, तबला, की-बोर्ड, गिटार, यांपैकी एक. वर फोटोत चकचकीत ड्रम सेट, एका रांगेत दहा की-बोर्ड. खाली जाड अक्षरात: ‘दहावीला वाढीव गुण’.

बायकोनं फोटो पाहिलाच नाही, सरळ खालची ओळ वाचली. पोट्ट्यानं फक्त गिटार वाचलं, कारण त्याच्या दोस्तानं गिटारला नाव दिलं होतं. माझ्या आईनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “नऊ हजारात तर पेटी येते घरी.”

गुणांचं आधी सांगतो, कारण ऐंशी टक्के पालक त्यासाठीच फॉर्म भरतात. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा पास असल्या तर दहावीला दहा गुण, पाच असल्या तर पंधरा. आमच्या शाळेत परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या होतात, मिरजेच्या. (मिरजेहून फक्त तंबोरे आणि सतारी येतात असं मी समजत होतो.) पहिली प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण, त्यापुढे मध्यमा, विशारद अशी शिडी आहे. आता आठवीत कोऱ्या पाटीनं बसलेला पोरगा एका वर्षात एक परीक्षा देतो. म्हणजे तिसरी नेमकी दहावीच्या वर्षात येते, जेव्हा घरात कोणी शिंकलं तरी आई रागावते. पाच परीक्षा तर विसराच. त्यासाठी पाचवी-सहावीत सुरुवात हवी होती.

दुकानात बिलाच्या मागे मांडलं. तीन वर्षांचे २७,००० रुपये, दहा गुण. गुणाला २७०० रुपये पडले. पाचशेपैकी दहा म्हणजे दोन टक्के. बायकोला दाखवलं तर म्हणाली, “ट्यूशनवाल्याचाही असाच हिशेब मांडा ना एकदा.” मांडला. त्यावर इथे लिहीत नाही.

मग एका गुरुवारी न सांगता शाळेत गेलो. हेच मी सगळ्यांना सांगून राहिलो: पत्रक बघू नका, ओपन डेला जाऊ नका, साध्या गुरुवारी सव्वाचारला जा. खिशात पत्रक आणि चुंबक होतं. चुंबक माझ्या खिशात असतंच, धंद्याची सवय आहे.

वरच्या मजल्यावर टोकाची खोली. दहा की-बोर्डांपैकी सहा हजर, त्यातल्या तिघांना अडॅप्टर. ड्रम सेट जाळीच्या कपाटात, कुलूप लावलेला, प्लास्टिकही काढलेलं नाही. चार हार्मोनियम. एकीचा भाता दाबला तर सायकलच्या ट्यूबसारखी हवा सुटली. चिरेवर खाकी टेप चिकटवली होती. असली टेप मी विकतो, ती खोक्यांसाठी असते. गिटारच्या वर्गात अठरा पोरं आणि पाच गिटार. शिकवणारा मुलगा बाहेरच्या कुठल्या क्लासकडून येतो, चांगला वाजवतो, पण तेरा पोरं बसून त्याच्याकडे बघत होती. पोट्ट्याचा दोस्त त्या तेरांत होता.

पलीकडे तबला. नऊ पोरं, सहा जोड्या. डग्ग्यांना, म्हणजे डाव्या हाताच्या धातूच्या भांड्यांना, चुंबक लावून पाहिलं. दोन चिकटले, म्हणजे लोखंडावर चकाकी. चार नाही चिकटले, ते पितळ नाहीतर तांबं. तरी सहाही जोड्यांच्या पुड्या (वरची कातडी) धड होत्या, शाई (मधला काळा गोल) कुठे उडालेली नव्हती, वादी (बाजूची चामड्याची दोरी) एकसारखी ताणलेली. फुकटच्या वापरातली वस्तू शाळेत एवढी नीट राहत नाही. कोणीतरी जीव लावून ठेवतो तेव्हाच राहते.

तो माणूस कुलर बंद करत होता.

बाहेर उकाडा कसला, जुलैची सुरुवात, पाऊस रुसलेला. पोरांनी एकदम “सर, नाही ना!” केलं. सर म्हणाले, “तुमाले हवा पाहिजे, तबल्याले नाही पाहिजे.” मग मला समजावलं. कुलरच्या ओल्या हवेत कातडं पाणी धरतं, पुडी उतरते, सूर खाली येतो. मे महिन्यात उलटं. कोरड्या उन्हात कातडं आवळतं, सूर चढतो, आणि ताण काढला नाही तर एखाद्या दुपारी पुडी फाटते. म्हणून उन्हाळ्यात गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सैल करून, कापडात गुंडाळून ठेवायचा. मला त्यांचं बोलणं चटकन समजलं. लाकडी चौकटीचं दारही पावसाळ्यात फुगतं आणि मेमध्ये फटी दाखवतं. वर्षातून दोनदा त्याच तक्रारीचं गिऱ्हाईक येतं.

सर लोकमान्य नगरकडून मेट्रोनं येतात. थैलीत हातोडी असते, ती स्टेशनावर तपासणीत रोज काढून दाखवावी लागते. “आता ते पोट्टे वळखतात मले,” म्हणाले. बोलता बोलता त्यांनी ती हातोडी माझ्या पोराच्या हातात दिली. गिटारसाठी आलेला, कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. म्हणाले, “हा गट्टा हळूच खाली ठोक. आता चाट, म्हणजे पुडीची कड, वाजवतो, ऐक. पुन्हा ठोक.” पोरानं ठोकलं. सूर तसूभर वर गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हार्डवेअरवाल्याचं पोरगं, ठोकून काही बसवणं त्याला जन्मापासून माहीत, पण ठोकल्यावर सूर बदलतो हे नवीन होतं. गिटारचा विषय घरी पुन्हा निघाला नाही.

तास मी चाळीस मिनिटं बसून पाहिला. हात लावायच्या आधी तोंडानं बोलायचं, हा त्यांचा नियम. झपताल चालू होता: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. एक पोरगा वाजवताना चुकला तर बाकीच्या आठांना टाळी आणि खाली (टाळीऐवजी रिकामा हात) धरून मोजायला लावायचे. म्हणजे जोड्या सहाच असल्या तरी रिकामं कोणी नव्हतं. गिटारच्या खोलीत आणि इथे फरक एवढाच होता, पण नऊ हजारांचा होता. सरांनी चाळीस मिनिटांत एकदाही मोबाइल काढला नाही. मी दोनदा काढला.

बायको पुढच्या आठवड्यात भेटायला आली. तिनं सरळ विचारलं, यानं पोट भरतं का? सर हसले. म्हणाले, ताई, आपल्याच गावात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकलेले वसंतराव देशपांडे. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं. त्यांनीही कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. याचा अर्थ पोरानं नोकरी करावी की गावं, हे तिला नीट समजलं नाही, मलाही नाही. पण नोकरीचं नाव निघाल्यानं ती खूश झाली.

घरी तबला लागतोच, हे पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. आठवड्याचे तीन तास शाळेत आणि घरी डबा वाजवत बसला तर काही येत नाही. सीताबर्डीवर एका दुकानात जोडी पाहिली. दुकानदार म्हणाला, डग्गा अस्सल पितळेचा. मी खिशातून चुंबक काढलं. टक् करून चिकटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि एक शब्द न बोलता तो आतून दुसरी जोडी घेऊन आला. ७५०० रुपये, गादी आणि हातोडी धरून. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च ९००० नाही, सोळा-साडेसोळा हजार धरा, परीक्षेची फी वेगळी.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. मग गॅदरिंग आलं.

माझा दीड तारा गेला तो इथे. सुट्टीनंतर शाळा उघडल्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, दहा आठवडे, शिकवणं बंद. गायनवाले, गिटारवाले, तबलावाले सगळे हॉलमध्ये, सिनेमाच्या गाण्यांची एक मिसळ बसवायला. बसवणारा बाहेरचा, कार्यक्रमांचा ठेका घेणारा. सर मागच्या खुर्चीवर बसून राहायचे. पोशाखाचे ६०० रुपये वेगळे.

कार्यक्रमाच्या दिवशी आमचा पहिल्या रांगेत, जांभळा फेटा, समोर तबला, तबल्यापुढे माइक. आजी येऊन बसली होती. गाणं सुरू झालं आणि मला काहीतरी खटकलं. पोट्ट्याचा हात थांबला तरी तबला वाजत होता. मी स्टेजच्या कडेला जाऊन माइकची वायर नजरेनं धरत गेलो. फेट्यांच्या मागून, पडद्याखालून, आणि टोक जमिनीवर मोकळं पडलेलं. कशालाच जोडलेलं नव्हतं. आवाज सगळा पेनड्राइव्हचा. पोरं नुसती हात हलवत होती.

दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुकानात खिळे तोलता तोलता म्हणाला, “बाबा, मी बरोबर वाजवून राहिलो होतो. कोणाले ऐकूच नाही आलं.” मी म्हटलं, मला वायर दिसली होती. “तुमाले दिसली?” असं म्हणून त्यानं उरलेले खिळे तोलले.

वर्षाचे साधारण शंभर तास, तासाला ९० रुपये. दहा आठवड्यांचे तीस तास बुडाले, म्हणजे २७००. बरोबर एक गुण. ऑफिसात जाऊन हे मांडलं. मॅडम म्हणाल्या, स्टेजचा अनुभव हेही शिक्षणच आहे. मी म्हटलं, वायर जोडली असती तर असतं.

फेब्रुवारीत सरांनी बुडालेलं भरून काढलं, शनिवारी सकाळी जास्तीचे तास घेऊन. त्याचे पैसे त्यांना मिळाले नसावेत, विचारलं तर त्यांनी विषय बदलला. एप्रिलमध्ये प्रारंभिक झाली. त्या आठवड्यात ऊन असं होतं की दुपारी इतवारीत कुत्रं दिसत नव्हतं, आणि आमच्या घरात कुलर बंद. आजी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली होती आणि नातू तिला पुडीचं शास्त्र समजावत होता. “बाप्पा,” ती म्हणाली, “पेटीच घ्या म्हटलं होतं मी.” परीक्षा पास झाला. किती गुण ते लिहीत नाही, पण परीक्षकांनी झपताल दुप्पट करायला सांगितला आणि तो दहाव्या मात्रेवर न घसरता समेवर आला, हे त्यानं मला चार वेळा सांगितलं.

ज्यांची पोरं आधीच कुठे गुरूंकडे जातात त्यांनी शाळेच्या वर्गात पैसे घालू नयेत, दोन गुरूंच्या दोन सवयी लागतात. की-बोर्ड आणि गिटारला तर तूर्तास नाहीच, वाद्यं वाढल्याशिवाय. गायनाचा वर्ग मी पाहिला नाही. साडेचारची सायन्सची ट्यूशन असेल तर ती आधी हलवता येते का बघा. आम्हाला हलवायला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस पोरगा अर्ध्या तासातून उठून जायचा. फॉर्म भरण्यापूर्वी ऑफिसात विचारा की नोव्हेंबर ते जानेवारी वर्गात काय होतं. आणि तबल्याचे सर पुढच्या वर्षी आहेत का, हे त्याच्याही आधी विचारा. मी विचारलं. “बहुतेक,” असं उत्तर आलं.

नववीचा फॉर्म परवा भरला. त्यात एक रकाना होता, ‘वार्षिक स्नेहसंमेलनात सहभाग: होय / नाही’. पोट्ट्यानं मला न विचारता ‘नाही’वर गोल केला. काल ऑफिसातून फॉर्म परत आला, ‘होय’च करावं लागतं म्हणे. फॉर्म गल्ल्याखाली ठेवला आहे. सोमवारी दुकान उशिरा उघडतो, आधी शाळेत जाऊन येतो.