ब्राझीलचं जंगल बघायचंय: ॲमेझॉन की पांतानाल?

ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे 85 लाख चौरस किलोमीटर. नकाशावर मनाउस (ॲमेझॉनचं दार) आणि कुयाबा (पांतानाल या पाणथळ प्रदेशाचं दार) एकाखाली एक दिसतात, पण सरळ रेषेतलं अंतरच 1,450 किलोमीटरच्या आसपास भरतं. सोयीचं थेट विमान नसलं की ब्राझिलिया किंवा साओ पाउलोला वळसा पडतो आणि त्यात अख्खा दिवस जातो. रस्त्याचा विचारही करू नका. मनाउसहून दक्षिणेला जाणारा बीआर-319 हा महामार्ग मधल्या मोठ्या पट्ट्यात कच्चा आहे आणि पावसात तिथे ट्रकही रुतून बसतात. म्हणजे हातात दहा-बारा दिवस असतील तर दोन्हींपैकी एक सोडावं लागतं.

प्राणी बघायचे असतील तर पांतानाल. यात फारसं विचार करण्यासारखं नाही. जग्वार (बिबट्यासारखा, पण जास्त धिप्पाड प्राणी) दिसेल या आशेने ॲमेझॉनला जाणारे बहुतेक जण निराश होतात. कारण सरळ आहे: तिथे तीस-चाळीस मीटर उंचीचं दाट जंगल आहे आणि प्राणी एक तर शेंड्यावर किंवा पानांच्या भिंतीआड असतात. पांतानाल हा उघडा पाणथळ गवताळ प्रदेश. पाणी आटत गेलं की केमन मगरी, कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी), पाणपक्षी उरलेल्या डबक्यांवर आणि नद्यांवर गोळा होतात, आणि त्यांच्या मागे जग्वार येतो. ॲमेझॉनला जायचं ते नदीसाठी आणि जंगलासाठी. समोरचा काठ धूसर दिसेल इतकं रुंद पात्र, पाण्यात अर्धी बुडालेली झाडं, गुलाबी डॉल्फिन, रात्रीचे आवाज. हे पांतानालमध्ये मिळणार नाही.

महिना आधी ठरवा

मनाउसला नदीची पातळी साधारण जूनमध्ये सर्वांत वर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली. दोन्हींत सरासरी दहा मीटरचा फरक पडतो. जून 2021 मध्ये मनाउसच्या बंदरातली पातळी 30 मीटरच्या वर गेली होती, तर ऑक्टोबर 2024 मध्ये ती 13 मीटरच्याही खाली उतरली. मे ते जुलैमध्ये छोटी होडी थेट बुडालेल्या जंगलात शिरते. या जंगलाला तिथे ‘इगापो’ म्हणतात. तुम्ही झाडांच्या मधल्या उंचीवर असता, त्यामुळे माकडं, स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) आणि पक्षी एरवीपेक्षा बरेच जवळ येतात. सप्टेंबरनंतर उलट चित्र. पायवाटा मोकळ्या होतात, पांढऱ्या वाळूचे किनारे वर येतात, पण फार आटलं तर लॉजपर्यंत होडी पोचत नाही आणि सामान घेऊन चिखलातून चालावं लागतं. ऑक्टोबरचं बुकिंग करताना ‘पाणी कमी असेल तर कसं पोचवता’ हे आधीच लेखी विचारून घ्या.

पांतानालमध्ये पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. जमिनीला उतार जवळजवळ नसल्याने उत्तरेचा पूर दक्षिणेला पोचायला काही महिने लागतात. उत्तरेत जग्वारचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. सप्टेंबरमध्ये तो दिसण्याची शक्यता चांगली असते, पण पारा चाळिशीला टेकतो आणि वणव्यांचा धूर असू शकतो. 2020 च्या वणव्यांत पांतानालचा चतुर्थांशाहून जास्त भाग जळाला होता. आमचं मत जुलैचा शेवट ते ऑगस्टच्या मध्याकडे झुकतं. दर्शन थोडं कमी झालं तरी चालेल, हवा स्वच्छ मिळते. फक्त एक जाकीट ठेवा. या दिवसांत दक्षिणेकडून थंड हवेची लाट येते, तिला ‘फ्रियाजेम’ म्हणतात. तापमान एका रात्रीत दहा अंशांपर्यंत उतरतं, आणि पहाटे उघड्या स्पीडबोटीत ते त्याहूनही कमी वाटतं.

पांतानाल: उत्तर की दक्षिण

उत्तरेचा मार्ग असा: कुयाबाला उतरा, सुमारे 100 किलोमीटरवर पोकोने, आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा हा मातीचा रस्ता. तो जवळपास 145 किलोमीटर धावून पोर्तो जोफ्रेला नदीकाठी संपतो. वाटेत शंभराहून अधिक पूल, त्यांतले काही लाकडी. कोरड्या दिवसांत साधी गाडीही जाते, पावसाळ्यात फोर-व्हील ड्राइव्हशिवाय निघू नका. न थांबता चार-पाच तास लागतात, पण न थांबण्यात अर्थ नाही. सगळे पक्षी आणि मगरी याच रस्त्याच्या कडेला असतात. पेट्रोलची टाकी पोकोनेला पूर्ण भरा, रोख रियालही तिथेच काढा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, कारण रात्री कॅपिबारा आणि टापीर (डुकरासारखा दिसणारा मोठा प्राणी) थेट रस्त्यावर येतात.

जग्वार बघायचा तो पोर्तो जोफ्रेहून दिवसभराच्या बोटीने. एका बोटीला दिसला की वायरलेसवर बाकीच्यांना कळतं आणि वीसेक मिनिटांत गर्दी होते. ज्यांना हे खटकतं त्यांनी दक्षिणेकडे कांपो ग्रांदे-मिरांदा भागात जावं. तिथे गुरांच्या मोठ्या फार्मवर गाडीतून फेरफटका असतो, माणसं कमी, आणि बोनितो गावाच्या परिसरातल्या काचेसारख्या स्वच्छ नद्या जोडून घेता येतात. बोनितोत मात्र बहुतेक ठिकाणी माणसांची रोजची मर्यादा असते आणि प्रवेश स्थानिक एजन्सीच्या व्हाउचरवरच मिळतो. दारात जाऊन तिकीट काढू म्हणाल तर परत यावं लागेल.

पोर्तो जोफ्रेला तीन रात्री आणि जाता-येता रस्त्यावरच्या लॉजमध्ये एकेक रात्र, इतकं तरी हवंच. एकच दिवस बोट घेणं म्हणजे जुगार.

ॲमेझॉन: काळं पाणी की गढूळ

इथे लॉजच्या फोटोंपेक्षा तो कोणत्या पाण्यावर आहे हे महत्त्वाचं. रिओ नेग्रो नदीचं पाणी चहाच्या रंगाचं आणि आम्लधर्मी. त्यात डासांच्या अळ्या नीट वाढत नाहीत, म्हणून संध्याकाळी बाहेर बसता येतं. पण अन्नद्रव्यंही कमी, त्यामुळे प्राणीही विरळ. मनाउसच्या दक्षिणेला, सोलिमोइंसच्या (मनाउसच्या वरच्या ॲमेझॉनचं हे स्थानिक नाव) गढूळ पाण्याच्या बाजूला जीवसृष्टी जास्त आणि डासही. लहान मुलं बरोबर असतील तर काळं पाणी निवडा. नोव्हो आयराओ गाव आणि त्याच्या समोरचा आनाव्हिल्यानासचा शेकडो बेटांचा समूह मनाउसहून डांबरी रस्त्याने गाठता येतो.

मनाउसहून अर्ध्या दिवसाच्या ज्या सहली विकल्या जातात, त्यांत दोन नद्यांचा संगम बघण्यासारखा आहे. काळं आणि पिवळट पाणी वेग, तापमान आणि घनता वेगळी असल्याने सहा-एक किलोमीटर मिसळत नाही. त्याच सहलीत स्लॉथ किंवा अजगर हातात देऊन फोटो काढायला लावतात, तो थांबा गाळायला सांगा. हे प्राणी जंगलातून पकडून आणलेले असतात. आणखी एक घोळ: या संगमाचं नाव ‘एन्कॉन्त्रो दास आग्वास’. पोर्तो जोफ्रेजवळच्या जग्वारच्या राज्य उद्यानाचं नावही तेच. बुकिंगमध्ये राज्य ॲमेझोनास आहे की मातो ग्रोसो, ते तपासा.

प्रवासी बोटीने मनाउस ते सांतारेंम शहर प्रवाहाबरोबर दीड दिवसाच्या आसपास लागतो. हॅमॉक (झोपायची झोळी) आणि दोन दोर स्वतःचे न्या, काही तास आधी चढा, इंजिन आणि संडासापासून लांबची जागा धरा. गंमत म्हणजे काठ नीट बघायचा असेल तर उलट दिशेने जावं. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट ओढ टाळायला काठाला लागून चालते. वेळ मात्र जास्त जातो.

लस, आणि दोन्ही हवंच असेल तर

पिवळ्या तापाची लस दोन्हीकडे घ्यावी, आणि निदान दहा दिवस आधी. ब्राझीलहून येणाऱ्यांकडे भारतासह अनेक देश तिचं प्रमाणपत्र मागतात. मलेरियाची काळजी मुख्यतः ॲमेझॉनमध्ये, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन्ही एकाच सहलीत बसवण्याचा खरा काळ जुलै. मनाउसला पाणी अजून चढलेलं आणि पांतानाल कोरडं व्हायला लागलेलं. तरी किमान चौदा दिवस धरा. जुलै ब्राझीलच्या शाळांच्या सुट्टीचा महिना, त्यामुळे विमानं महाग. पण पहिलं बुकिंग विमानाचं करू नका. पोर्तो जोफ्रेला खोल्या आणि बोटी मोजक्याच असतात, त्या तारखा पक्क्या झाल्या की मग विमान, आणि ॲमेझॉनचा लॉज सर्वांत शेवटी. तिथे पर्याय भरपूर आहेत.